उत्तर मुंबईचा नकाशा आणि कृष्ण मेनन

लोकसभेचे काही मतदारसंघ नावाने टिकून राहतात. त्यांची जमीन मात्र पायाखालून सरकलेली असते. उत्तर मुंबई हे त्याचे ठळक उदाहरण. १९५२ साली या नावाच्या मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला. १९५७ आणि १९६२ साली तेथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. १९७७ साली मृणाल गोरे यांनी याच नावाच्या मतदारसंघातून लोकसभेत प्रवेश केला. नाव तिन्ही वेळा उत्तर मुंबईच होते, परंतु ज्या वस्त्यांनी मतदान केले त्या तिन्ही वेळा वेगळ्या होत्या. १९५२ ची उत्तर मुंबई बेटावरच्या शहराच्या उत्तर भागात होती, १९५७ ची उपनगरांत होती आणि १९७७ ची त्या उपनगरांच्याही एका कोपऱ्यात होती.

यांपैकी मधल्या, म्हणजे १९५७ ते १९६७ या दहा वर्षांच्या उत्तर मुंबईचे वैशिष्ट्य असे की, त्या मतदारसंघाने आपल्या संपूर्ण आयुष्यात एकाच माणसाला निवडून दिले. दोन निवडणुका झाल्या, दोन्ही मेनन यांनी जिंकल्या आणि पुढच्या निवडणुकीपूर्वी मतदारसंघच नकाशावरून नाहीसा झाला. मेनन यांचे चरित्र लिहिणारे बहुधा काश्मीर, गोवा आणि चीन या तीन शब्दांभोवती फिरतात. दिल्लीत ज्या माणसाच्या नावाचा रस्ता आहे आणि ज्याचे नाव निघताच आजही १९६२ चा पराभव आठवतो, त्याच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. परंतु लोकशाहीतील कोणत्याही नेत्याच्या आयुष्याला एक दुसरी बाजूही असते. तो कोणाच्या मतांवर उभा होता आणि ती मते त्याच्या हातून कशी गेली, हे पाहिल्याशिवाय त्याचे राजकारण पुरते उमगत नाही.

मेनन यांचा जन्म १८९६ साली मलबारातील एका सुखवस्तू नायर घराण्यात झाला. शिक्षणासाठी ते मद्रासला आले, तेथे ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीत आणि थिऑसॉफीच्या वर्तुळात वावरले आणि १९२४ साली इंग्लंडला गेले. थोड्या काळासाठी म्हणून गेलेला हा तरुण जवळजवळ तीन दशके तेथेच राहिला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांचे शिष्यत्व, बॅरिस्टरीची सनद, इंडिया लीगचे अखंड प्रचारकार्य आणि पेंग्विन प्रकाशनाच्या पेलिकन मालेचे आरंभीचे संपादन या गोष्टी सर्वपरिचित आहेत. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली बाब अशी की, मेनन यांनी निवडणुकीचे राजकारण भारतात नव्हे, लंडनमध्ये शिकले. १९३४ साली ते सेंट पँक्रस या लंडनच्या उपविभागाच्या परिषदेवर मजूर पक्षाचे नगरसेवक म्हणून निवडून आले आणि १९४७ पर्यंत, म्हणजे उच्चायुक्तपदी नेमणूक होईपर्यंत, त्या जागेवर होते. सार्वजनिक ग्रंथालयांच्या विस्ताराचे त्यांचे तेथील काम पुढे बराच काळ नावाजले गेले. १९५५ मध्ये त्या परिषदेने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले.

मलबारचा हा माणूस सेंट पँक्रसमध्ये परका नव्हता काय? होताच. परंतु गरीब वस्तीतील मतदाराला घर, वाचनालय आणि युद्धकाळातील हवाई हल्ल्यापासूनचा बचाव या गोष्टींशी मतलब होता आणि नगरसेवक त्या कामांसाठी राबत होता. संसदेचे दार मात्र त्यांना इंग्लंडमध्ये उघडले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मजूर पक्षाने डंडी या स्कॉटिश शहरासाठी त्यांची निवड केली होती. पुढे कम्युनिस्टांशी असलेल्या जवळिकीच्या संशयावरून ती मागे घेण्यात आली. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. डंडी हा त्या काळी दोन सदस्य निवडून देणारा मतदारसंघ होता. भारतात पहिल्या निवडणुकांसाठी जी द्विसदस्य पद्धत काही ठिकाणी स्वीकारली गेली, तिचाच फटका १९५२ च्या उत्तर मुंबईत आंबेडकरांना बसला.

त्या १९५२ च्या नकाशाकडे पाहिल्याशिवाय पुढचे समजत नाही. मुंबई शहराला तेव्हा दोनच मतदारसंघ होते. दक्षिण मुंबईतून स. का. पाटील निवडून आले. उत्तर मुंबईला दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मते होती. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती असल्याने आंबेडकर आणि अशोक मेहता जोडीने उभे होते. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. आंबेडकर सुमारे चौदा-पंधरा हजार मतांनी मागे पडले. युतीतील एका पक्षाच्या मतदाराने आपले दुसरे मत मित्रपक्षाच्या उमेदवाराला दिले की नाही, हा प्रश्न द्विसदस्य मतदारसंघात कायमच कळीचा ठरत असे. उपनगरांचा मतदारसंघ त्या वेळी अगदी निराळा होता आणि तेथून जयश्री रायजी निवडून आल्या होत्या.

मेनन त्या वेळी या चित्रात कोठेच नव्हते. उच्चायुक्तपदाची कारकीर्द जीप खरेदीच्या वादाने डागाळून १९५२ साली संपली होती आणि पुढच्या वर्षी ते मद्रास राज्यातून राज्यसभेवर आले. संयुक्त राष्ट्रसंघात भारताची बाजू मांडणारे वक्ते म्हणून त्यांचा दबदबा वाढत गेला. १९५६ मध्ये ते बिनखात्याचे मंत्री झाले. परंतु नेहरूंच्या मर्जीवर उभे असलेले हे मंत्रिपद लोकमताच्या कसोटीला उतरलेले नव्हते आणि काँग्रेस पक्षातील जुन्या मंडळींच्या नजरेत ते सलत होते. मेनन यांना मतदारसंघ हवा होता. केरळात कम्युनिस्टांचा जोर होता, मद्रासमध्ये ते उपरे होते. मुंबई निवडण्यात आली.

मधल्या काळात मुंबईचा नकाशा बदलला होता. १९५० साली शहराच्या महापालिकेची हद्द बेटाबाहेर सरकली आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. राज्य पुनर्रचनेनंतर लोकसभेच्या मतदारसंघांचीही नव्याने आखणी झाली. बेटावरच्या शहराचे दक्षिण आणि मध्य असे दोन भाग झाले. पैकी मध्य मुंबई द्विसदस्य राहिली. गिरणगावाचा मोठा भाग या मध्य मुंबईत गेला. उत्तर मुंबई हे नाव आता ढोबळमानाने माहीम आणि शीवच्या पलीकडच्या प्रदेशाला मिळाले. जयश्री रायजींच्या जुन्या उपनगरी मतदारसंघाचा तो वारस होता.

या रेषेचे महत्त्व १९५७ च्या निकालात दिसले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने मराठी मुलूख पेटलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते आणि समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसचे बुरुज ढासळले. मध्य मुंबईतून समितीच्या पाठिंब्याने कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने विजयी झाले. मात्र माहीमची खाडी ओलांडताच निकाल फिरला. तेथे मेनन निवडून आले.

याचा अर्थ उपनगरांत मराठी माणूस नव्हता असा मुळीच नाही. पण तेथे गुजराती होते, फाळणीनंतर आलेले सिंधी होते, वांद्र्यापासून उत्तरेकडच्या गावठाणांतील ख्रिस्ती होते, माटुंग्यात जागा न मिळाल्याने चेंबूर आणि घाटकोपरकडे सरकलेले दाक्षिणात्य कारकून आणि टंकलेखक होते, उत्तर भारतीय कामगार होते. एकाच प्रश्नावर एकवटणारा असा हा समाज नव्हता. त्यातच जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा समितीत काश्मीरच्या प्रश्नावर मेनन सुमारे आठ तास बोलले होते आणि त्या भाषणाची कीर्ती देशभर पसरली होती. मतदान त्यानंतर काही आठवड्यांतच झाले. देशाची बाजू मांडताना खुर्चीत कोसळलेला माणूस, ही प्रतिमा उपनगरी मध्यमवर्गाला भावली. निवडून येताच एप्रिलमध्ये ते संरक्षणमंत्री झाले.

संरक्षण खात्यातील त्यांची साडेपाच वर्षे हा स्वतंत्र विषय आहे. लष्करी उत्पादन देशातच व्हावे यासाठी त्यांनी केलेली धडपड मोलाची होती. माझगाव गोदी १९६० साली सरकारच्या ताब्यात आली. सैनिकी शाळांची कल्पना त्यांच्या काळातील आणि पहिल्या शाळांपैकी एक १९६१ साली साताऱ्यात निघाली. दुसरीकडे जनरल थिमय्या यांच्याशी झालेला संघर्ष, बढत्यांतील हस्तक्षेपाचे आरोप आणि चीनच्या हेतूंविषयीचा चुकीचा अंदाज हेही त्याच हिशेबात मांडावे लागते. मतदारसंघाकडे मात्र त्यांचे लक्ष बेताचेच होते. सेंट पँक्रसमध्ये गल्लीबोळांत फिरलेल्या या नगरसेवकाला वांद्रे किंवा कुर्ल्याच्या गल्ल्या तेवढ्या ओळखीच्या झाल्या नाहीत. वर्षातील कित्येक महिने न्यूयॉर्कमध्ये जात आणि उरलेले दिल्लीत. चहा आणि बिस्किटांवर राहणारा हा फटकळ, एकाकी माणूस कार्यकर्त्यांच्या घरी पंगतीला बसणारा नव्हता. स्थानिक काँग्रेस समित्यांत त्यांच्याविरुद्ध कुरबुर सुरू झाली, तिला हे एक सबळ कारण होते, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल.

१९६२ ची उत्तर मुंबईची निवडणूक ही त्या वर्षीची देशातील सर्वांत गाजलेली लढत. आचार्य कृपलानी बिहारमधील सीतामढीचे खासदार होते. ती जागा सोडून ते मेनन यांना आव्हान देण्यासाठी मुंबईत आले. प्रजा समाजवादी, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे बळ त्यांच्या मागे उभे राहिले. चीनचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. इकडे पंतप्रधान नेहरूंनी ही लढत स्वतःची मानली आणि ते प्रचाराला आले. कम्युनिस्टांनी मेनन यांच्यासाठी रान उठवले. करंजियांचे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक त्यांच्या बाजूने होते. दिलीपकुमार यांच्यासारखा लोकप्रिय नट सभांतून फिरला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला होता आणि त्या कारवाईचे श्रेय संरक्षणमंत्र्यांच्या पदरी पडले होते. मुंबईत गोव्याशी नाते सांगणारी घरे किती होती, हे वेगळे सांगायला नको. मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते मिळाली; मताधिक्य दीड लाखाच्या घरात गेले.

या लढतीतील एक गोष्ट पुढच्या घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवावी लागते. मेनन मलबारचे, कृपलानी सिंधचे. दोघांपैकी एकाचेही मुंबईत मूळ नव्हते, दोघांपैकी एकालाही मराठी मतदाराशी मराठीत बोलता येत नव्हते. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन पुरती दोन वर्षे झाली नव्हती. तरीही उमेदवार बाहेरचा आहे, हा त्या निवडणुकीचा निर्णायक मुद्दा झाला नाही. पाच वर्षांनी तो झाला. मधल्या काळात काय बदलले?

पहिला बदल सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, महिनाअखेरीस मेनन यांचे संरक्षण खाते गेले आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळातूनही त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीत आले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या आठवणीत चव्हाणांचे आगमन हा मोठा क्षण आहे. मेनन यांच्या दृष्टीने तो अस्ताचा आरंभ होता. मे १९६४ मध्ये नेहरू गेले आणि उरलेले छत्रही नाहीसे झाले.

दुसऱ्या बदलाची चर्चा क्वचितच होते, कारण तो राजपत्रातून झाला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि १९६२ च्या निवडणुकीत मध्य मुंबईचे दोन तुकडे पडले. उत्तर मुंबईला तेव्हा धक्का लागला नाही. त्यानंतर १९६१ च्या जनगणनेच्या आधारे न्यायमूर्ती जे. एल. कपूर यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने नवी आखणी केली. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे तीस लाख होती, ती १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाखांवर गेली. वाढीचा मोठा वाटा उपनगरांचा होता. तेथील वस्ती दहा वर्षांत दुपटीच्या आसपास पोचली. एक खासदार एवढ्या मोठ्या प्रदेशाला पुरेसा नव्हता, हे आयोगाचे गणित निर्विवाद होते. शहराच्या चार जागांच्या पाच झाल्या आणि उपनगरे वायव्य मुंबई व ईशान्य मुंबई अशी विभागली गेली. स्थूलमानाने पश्चिम रेल्वेच्या बाजूची वस्ती एका मतदारसंघात आणि मध्य रेल्वेच्या बाजूची दुसऱ्यात गेली.

आयोगाने हे मेनन यांना अडचणीत आणण्यासाठी केले, असा आरोप करण्यास कोणताही आधार नाही. संसद व विधानसभांचे सदस्य आयोगाला सहयोगी म्हणून जोडलेले असत, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता आणि आयोगाचा आदेश न्यायालयात आव्हान देण्याच्या पलीकडे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मेघराज कोठारी खटल्यात स्पष्ट केले. रेषा निःपक्षपणे आखली गेली तरी तिचे परिणाम निःपक्ष नसतात, एवढेच येथे म्हणायचे आहे. ज्या मिश्र, विस्तीर्ण मतदारसंघात मेनन यांनी दीड लाखाचे मताधिक्य मिळवले, तो दुभंगला. वांद्र्यापासूनची पश्चिमेकडील पट्टी, तेथील ख्रिस्ती आणि चित्रपटसृष्टीच्या वस्त्या एका बाजूला गेल्या. मेनन यांच्या वाट्याला आलेल्या पूर्वेकडील बाजूस कारखाने होते, कामगारांच्या चाळी होत्या, दक्षिणी आणि सिंधी वसाहती होत्या, तसाच बेटावर जागा न परवडणारा मराठी कनिष्ठ मध्यमवर्गही मोठ्या प्रमाणात होता. कारकुनी नोकऱ्यांत दाक्षिणात्यांशी स्पर्धा करावी लागणारा हाच तो वर्ग. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने आपले पहिले श्रोते नेमके याच वर्गातून मिळवले.

तरीही केवळ नकाशाने मेनन पडले नसते. मतदारसंघ तुटल्यामुळे एक नवी स्थिती निर्माण झाली होती: विद्यमान खासदार हा शब्द आता अर्थहीन झाला होता. ईशान्य मुंबई हा नवा मतदारसंघ असल्याने तेथे कोणाचाच परंपरागत हक्क नव्हता. मुंबई प्रदेश काँग्रेसवर स. का. पाटील यांची पकड होती आणि मेनन यांच्याशी त्यांचे वैचारिक तसेच व्यक्तिगत वैर जुने होते. उमेदवार स्थानिक असावा, असे कारण पुढे करून मेनन यांना उमेदवारी नाकारण्यात आली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची इच्छा वेगळी असूनही पक्षातील ज्येष्ठांपुढे तिचे काही चालले नाही. मेनन यांनी काँग्रेसचा राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. डावे पक्ष त्यांच्या मागे होते.

काँग्रेसने दिलेला उमेदवार मात्र विचारपूर्वक निवडलेला होता. सदाशिव गोविंद बर्वे हे आयसीएस अधिकारी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यानंतर उद्ध्वस्त पुण्याची घडी पुन्हा बसवण्याच्या कामाने त्यांचे नाव घरोघरी पोचले होते. नोकरी सोडून ते राजकारणात आले, १९६२ मध्ये पुण्याच्या शिवाजीनगरमधून विधानसभेवर निवडून गेले, राज्यात मंत्री झाले आणि पुढे नियोजन आयोगाचे सदस्य म्हणून दिल्लीत राहिले. अभ्यासू, स्वच्छ, मितभाषी. सरकारी सेवेतील मराठी मंडळींना आपल्यातलाच वाटावा असा हा माणूस. परंतु काटेकोरपणे पाहिले तर बर्वेही ईशान्य मुंबईचे नव्हते. त्यांचे कार्यक्षेत्र पुणे आणि नंतर दिल्ली. कुर्ला-मुलुंडच्या मतदाराला ते मेनन यांच्याइतकेच नवखे होते. म्हणजे स्थानिक या शब्दाचा अर्थ मतदारसंघातील रहिवासी असा नव्हता. तो मराठी असा घेतला गेला. शिवसेनेने बर्वे यांच्यासाठी आणि मेनन यांच्याविरुद्ध जो प्रचार केला, त्यातून तो अर्थ अधिकच पक्का झाला.

फेब्रुवारी १९६७ मध्ये बर्वे सुमारे तेरा हजार मतांनी विजयी झाले. चीनयुद्धाचे ओझे, पक्षाचे चिन्ह नाही, प्रदेश काँग्रेसची यंत्रणा विरोधात आणि मतदारसंघ अर्धा, अशा स्थितीत मेनन दीड लाखांहून अधिक मते मिळवून गेले, हेही या आकड्याच्या शेजारी ठेवून पाहावे. निकालानंतर काही दिवसांतच, मार्चमध्ये, बर्वे यांचे हृदयविकाराने निधन झाले. वयाची त्रेपन्न वर्षेही पूर्ण न झालेला एक कर्तबगार प्रशासक लोकसभेत काम सुरू होण्यापूर्वीच गेला. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले. मेनन पुन्हा रिंगणात उतरले आणि या वेळी अधिक फरकाने हरले. शोकाच्या वातावरणात भावाच्या जागेसाठी उभ्या असलेल्या बहिणीविरुद्ध लढणे हा शहाणपणा नव्हता. पण दहा वर्षे ज्या भागाचे प्रतिनिधित्व केले तो आपला आहे, ही धारणा मेनन सोडायला तयार नव्हते.

बाहेरचा उमेदवार या मुद्द्याचे वजन तपासण्यासाठी त्याच निवडणुकीतील दुसरा निकाल उपयोगी पडतो. मेनन यांची उमेदवारी कापणारे स. का. पाटील स्वतः सावंतवाडीकडचे, मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणवले जाणारे. दक्षिण मुंबईत त्यांचा पराभव केला जॉर्ज फर्नांडिस यांनी, आणि फर्नांडिस मंगळूरचे. फरक एवढाच की फर्नांडिस टॅक्सीवाल्यांत, गोदी कामगारांत आणि महापालिकेच्या कर्मचाऱ्यांत रात्रंदिवस वावरलेले होते, फर्डे मराठी बोलत होते. त्याच सुमारास पुण्याचे मधु लिमये बिहारमधील मुंगेरमधून निवडून येत होते: १९६४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६७ मध्ये. मुंगेरच्या मतदाराने लिमयांना स्वीकारले ते पायी फिरणारा समाजवादी म्हणून. ईशान्य मुंबईत मेनन यांच्या बाबतीत अशी ओळख दहा वर्षांत तयार झाली नव्हती. ती झाली असती तर तेरा हजार मतांचा फरक भरून निघणे अशक्य नव्हते.

कायद्याच्या अंगाने पाहता लोकसभेसाठी उमेदवार देशातील कोणत्याही मतदारसंघाचा नोंदणीकृत मतदार असला की पुरे. रहिवासाची अट होती ती राज्यसभेसाठी, आणि तीही २००३ साली काढून टाकण्यात आली. नोकरीनिमित्त लोधी कॉलनीत किंवा रामकृष्णपुरममध्ये राहणाऱ्या, अथवा गलाईच्या धंद्यासाठी सांगलीकडून करोलबागेत आलेल्या मराठी कुटुंबांना या तरतुदीचा अर्थ मुंबईकरांपेक्षा अधिक जवळून कळतो. त्यांनीही नकाशे बदललेले पाहिले आहेत. दिल्लीच्या लोकसभेच्या जागा १९६७ मध्ये पाचाच्या सात झाल्या आणि २००८ च्या आखणीत करोलबाग हा मतदारसंघच राहिला नाही.

मुंबईने दार लावल्यानंतर मेनन यांनी सर्वोच्च न्यायालयात वकिली केली. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्यावरील न्यायालयाच्या अवमानाच्या खटल्यात ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९६९ मध्ये पश्चिम बंगालमधील मिदनापूरच्या पोटनिवडणुकीत संयुक्त आघाडीच्या पाठिंब्यावर ते अपक्ष म्हणून उभे राहिले आणि एक लाखाहून अधिक मताधिक्याने लोकसभेत परतले. १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधून ते पुन्हा अपक्ष म्हणूनच निवडून आले. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना प्रथमच मल्याळी मतदारांनी लोकसभेवर पाठवले. तेही त्यांच्या मलबारातून नव्हे, जुन्या त्रावणकोर संस्थानच्या राजधानीतून. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते त्रिवेंद्रमचे खासदार होते. ज्या सेंट पँक्रसने त्यांना प्रथम निवडून दिले, तेही तोपर्यंत १९६५ च्या लंडनच्या पुनर्रचनेत कॅमडेनमध्ये विलीन झाले होते.

मेनन गेले त्या वर्षी मुंबईचा नकाशा पुन्हा बदलण्याच्या वाटेवर होता. १९७१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात गेली होती. १९७७ पासून शहराला सहा जागा मिळाल्या आणि उपनगरांच्या टोकाला उत्तर मुंबई हे नाव परत आले. त्या वर्षीच्या जनता लाटेत ईशान्य मुंबईने सुब्रमण्यम स्वामी यांना निवडून दिले आणि १९८० मध्येही त्यांनाच ठेवले. स्वामी मद्रासचे. शेजारच्या वायव्य मुंबईतून १९७७ मध्ये राम जेठमलानी आले, ते सिंधी. बर्वे-मेनन लढतीला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

२००८ च्या आखणीनंतर ईशान्य मुंबईत मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर हे सहा विधानसभा मतदारसंघ आले. कुर्ला आता उत्तर मध्य मुंबईत आहे, चेंबूर दक्षिण मध्य मुंबईत. १९५७ साली मेनन यांना ज्या उपनगरांनी एकत्र मतदान केले, त्यांचे खासदार आज निरनिराळे आहेत. येथे उमेदवार मराठी असावा की गुजराती, हा वाद २०२४ च्या निवडणुकीतही मुलुंड-घाटकोपरच्या सभांतून ऐकू आला.